कंसांच्या तावडीत

आमच्या ऑफिसात सोयाबीनचा भाव ही पहिली बातमी. बाकी जग नंतर. इंदूर, देवास, उज्जैन, धार, मंदसौर, नीमच... माळव्यातल्या प्रत्येक मंडीची आवक आणि भाव, आलेखासकट, रोज वेगळ्या ज्युपिटर नोटबुकात (मजकूर, कोड आणि आलेख एकत्र ठेवणारी, ब्राउझरमध्ये उघडणारी वही) हवेत, असा साहेबांचा हुकूम. साहेब रामबागेतले. हुकूम मराठीत सुटतो आणि "फटाफट करा हां" अशा इंदुरी थाटात संपतो.

तयार करायला काहीच लागत नाही. नोटबुक म्हणजे आतून साधी जेसॉन फाईल, कंसात कंस, त्यात आणखी कंस. ती हाताने लिहायच्या फंदात पडू नये. एक स्वल्पविराम जास्त पडला तरी रुसते. त्यासाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं एनबीफॉरमॅट हे साधन आहे. कोरं नोटबुक माग, मजकुराचा सेल, म्हणजे कप्पा, घाल, कोडचा घाल, मंडीचं नाव बदल, सेव्ह कर. पोह्यांवर जिरावण भुरभुरेपर्यंत सगळ्या मंड्या उरकतात.

फायली पाठवल्या. साहेबांनी डबल-क्लिक केलं. विंडोजने विचारलं, कशात उघडू? साहेबांनी नोटपॅड निवडलं. नोटबुक आणि नोटपॅड, चुलत भावंडंच की!

"अहो, जिकडेतिकडे कंस! मी काय कृष्ण आहे?"

गेलो त्यांच्या केबिनमध्ये. खरी मेख उघडण्यातच आहे. मॅथेमॅटिका या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये नोटबुकं १९८८ पासून आहेत. तिथे प्रोग्रॅमने 'नोटबुकओपन' म्हटलं की खिडकी हजर, कारण सगळा कारभार एका छपराखाली. ज्युपिटरमध्ये सर्व्हर एकीकडे, ब्राउझर दुसरीकडे आणि हिशोब करणारा कर्नल तिसरीकडे. कमांड दिली. ८८८८ पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या नेहमीच्या दारावर, आधीच कुणीतरी ठाण मांडून, म्हणून स्वारी ८८८९ वर. साहेबांनी जपून ठेवलेल्या जुन्या पत्त्यावर गेलो, तर टोकन, म्हणजे आत शिरायचा परवलीचा शब्द, मागितलं.

"टोकन? ते बँकेत असतं ना?"

उघडलं एकदाचं. आलेख गायब! एनबीफॉरमॅट नोटबुक लिहितं, चालवत नाही. पत्रिका छापली म्हणजे लग्न लागत नाही. मग 'रन ऑल'. धार झालं, टॅब बंद. उज्जैन झालं, टॅब बंद. पण टॅब बंद केला तरी मागचा कर्नल चालूच राहतो, आणि प्रत्येक नोटबुकाचा कर्नल वेगळा. नीमचपर्यंत लॅपटॉपचा पंखा असा काही घोंगावू लागला की साहेबांनी एसीचा रिमोट हातात घेतला. (दोष एसीचाच, यावर ते आजही ठाम आहेत.)

हल्ली मी रात्रीच एनबीकन्व्हर्टला कामाला लावतो. ते नोटबुक चालवतं आणि आलेखांसकट एचटीएमएल पान काढून ठेवतं. सर्व्हर नको, टोकन नको, डबल-क्लिक केलं की पुढ्यात. परवा साहेबांनी मंदसौरचं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं, मान डोलावली आणि माझ्याकडे वळले.

"छान. पण इथली तारीख बदलून बघायचीय, तर टाइपच होत नाही."

"हे नुसतं बघायचं पान आहे, साहेब."

"मग ते कंसवालंच बरं होतं. त्यात निदान लिहिता येत होतं. मी मधे मधे थोडं लिहिलंयसुद्धा."