हीटरला अर्थिंग दिलं की हमिंग जातं?

जळगाव-भुसावळकडे जुने व्हॉल्व्ह अँप्लिफायर सांभाळणाऱ्यांत एक संदेश फिरतोय: "हीटरची कुठलीही एक वायर अर्थिंगच्या सळईला जोडा, हमिंग शंभर टक्के बंद. सेंटर टॅप असला तरी चालेल." हीटर म्हणजे व्हॉल्व्हच्या आतली तापणारी तार, हमिंग म्हणजे स्पीकरमधली घूं, सेंटर टॅप म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगच्या मधोमध काढलेली वायर. हे वाचून कुणाचा ट्रान्सफॉर्मर जळू नये, म्हणून लिहितोय.

आधी अर्थिंग. आपण हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतो: अंगणात मीठ-कोळसा घालून पुरलेली सळई आणि सर्किटचा चेसिस, म्हणजे सर्किट ज्यावर बसवलेलं असतं तो पत्रा. सळई शॉकपासून वाचवते. ती चेसिसच्या पत्र्याला हवीच. पण हमिंगचा मातीशी काय संबंध? हीटरला वीज देणारं ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग अधांतरी असलं की त्यातला एसी कॅथोडमध्ये, म्हणजे हीटर ज्याला तापवतो त्या भागात, झिरपतो. त्याला सर्किटमध्येच कुठेतरी बांधावं लागतं. संदेशात तथ्य आहे ते एवढंच.

"कुठलीही एक वायर" जोडली, तर दुसरीवर पूर्ण 6.3 व्होल्ट नाचत राहतात. मधोमध बांधलं तर दोन्हींवर 3.15 व्होल्ट, एकमेकांच्या उलट. वायरींना घट्ट पीळ असेल तर त्यांचा उपद्रव आपसातच संपतो. सेंटर टॅप नसेल तर 100 ओहमचे दोन रेझिस्टर घ्या. एकेक टोक एकेका वायरला, मधला सांधा चेसिसला. त्यांतून जेमतेम 32 मिलीअँपियर जातात, अर्ध्या वॅटचे पुरतात.

सेंटर टॅपचं वाक्य सगळ्यात घातक. टॅप बहुतेक वेळा आधीच चेसिसला असतो. चेसिसला सळई आणि सळईला हीटरची वायर, म्हणजे अर्धं वाइंडिंग शॉर्ट.

आणि शंभर टक्के? अमळनेरकडच्या एका भजनी मंडळाचा अँप माझ्याकडे आला. "भाऊ, आवाज येस, पन घूं जात नही." मी पहिल्या 12एएक्स7 व्हॉल्व्हच्या हीटरच्या वायरी सोडवल्या, 4 आणि 5 नंबरच्या पिना एकत्र करून त्या आणि 9 नंबर यांच्यात 6 व्होल्टची मोटरसायकलची बॅटरी लावली, तिचं एक टोक चेसिसला. म्हणजे त्या हीटरला एसीच उरला नाही. घूं तसूभर कमी झाली नाही. हीटरची घरघर 50 सायकलची, खोल असते. ही 100ची होती, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतरची. तो डीसी सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर सुकला होता. नवा टाकला, आवाज स्वच्छ.

ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जुन्या एसी-डीसी रेडिओला तर यातलं काहीच लावू नका. तिथे चेसिसच मेन्सच्या एका वायरवर असतो. प्लग उलटा बसला की पत्र्यावर 230 व्होल्ट.