खाली बसवलेल्या एस्टीमविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुन्या मारुती एस्टीम गाडीला खाली आणण्यासाठी बुटक्या स्प्रिंगा बसवण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, 'गाडी जितकी खाली तितकी वळणावर पक्की, एवढे साधे शास्त्र खेड्यात बसून कळायचे नाही.' मतभेदाचे मला वावडे नाही. पण गावावरून माणसाला अडाणी ठरवण्याची ही कोणती रीत? 'खाली केल्याने काहीच फायदा नाही' हे माझे वाक्य सरसकट होते, ते मी मागे घेतो. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर बाहेरच्या चाकांवर सरकणारे वजन थोडे कमी होते, हे खरेच आहे.

परंतु 'जितकी खाली तितकी पक्की' हे साफ चूक आहे. एस्टीमला पुढे-मागे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप (धक्के शोषणारा दांडा) एकाच उभ्या खांबात बसवलेले असतात. गाडी फार खाली आणली की पुढचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा, चाकाच्या बाजूला वर चढतो, आणि ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली जातो. म्हणजे कलवणारा जोर उलट वाढतो, आणि बुटक्या स्प्रिंगचा जादा कडकपणा बराचसा तो कल आवरण्यातच खर्ची पडतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. परतवाड्याजवळच्या आमच्या गावात माझी 1998 ची एस्टीम आजही रोज चालते. तिला मी स्वतः अशा स्प्रिंगा बसवल्या होत्या, शॉकअप मात्र जुनेच ठेवले होते. चिखलदऱ्याच्या घाटात, वळणावर खड्डा आला की मागची बाजू उडून बाहेर सरकायची. पावसाळ्यानंतर चाके उतरवली, तेव्हा बंप स्टॉपची (चाक फार वर आले की शेवटचा धक्का झेलणारी) रबरे चेपून फाटलेली होती आणि पुढच्या टायरांची आतली कड तारा दिसेपर्यंत झिजली होती. बाहेरची नक्षी मात्र शाबूत होती. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा रस्ताही तसाच उंचसखल होतो. अशा रस्त्यावर चाकाला खालीवर व्हायला जागा लागते, आणि बुटकी स्प्रिंग नेमकी तीच खाऊन टाकते. ते कळायला, महाशय, खेड्यातच राहावे लागते.

मूळ उंचीच्या स्प्रिंगा, नवे शॉकअप आणि लोअर आर्मचे नवे बुश (सांध्यातली रबरे) घातल्यावर तीच गाडी त्याच घाटात निमूट वळू लागली. चाक आणि मडगार्ड यांमधली फट मिटली की एस्टीम देखणी दिसते, हे मलाही मान्य आहे. ज्याला तेवढ्यासाठी करायचे त्याने तसे सांगून करावे.

खर्च आणि अलॉय चाके यांविषयीच्या आपल्या मुद्द्यांत उत्तर देण्यासारखे काही नाही. आपण स्वतः कोणती गाडी, कोणत्या रस्त्यावर चालवून पाहिली, हे आपल्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत कुठेच आलेले नाही. पुन्हा लिहाल तेव्हा माझ्या गावाऐवजी त्याविषयी लिहावे.