पर्पलचा सातबारा

डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या चाहत्याला ‘तुम्हाला डीप पर्पल आवडतं का हो?’ असं विचारून बघा. तो ‘हो’ म्हणणार नाही. आधी तुम्हाला नीट न्याहाळेल आणि मग विचारेल, ‘कुठलं?’ इथून पुढचा दीड तास तुमचा राहिला नाही असं समजा. बीटल्सवाल्यांचं बरं असतं, चार नावं पाठ केली की भागलं. (रिंगोच्या आधीच्या ड्रमरचं, पीट बेस्टचं, नाव काढणारा एखादा तिथेही असतो, पण त्याला गप्प बसवता येतं.) पर्पलमध्ये १९६८ पासून इतकी माणसं आली आणि गेली की प्रत्येक संचाला नंबर पडले. मार्क वन, मार्क टू, आणि असं करत करत गाडी मार्क नाइनपर्यंत आली आहे. आमची निम्मी भांडणं दोन मिनिटांत मिटण्यासारखी असतात, कारण त्यांची उत्तरं छापील आहेत. पण छापील उत्तर बघायला कोण जमलेलं असतं?

तरी सातबारा एकदा वाचून घ्या, पुढे उपयोगी पडेल. मूळ खातेदार पाच: गायक रॉड इव्हान्स, बास गिटारवर निक सिंपर, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड आणि ड्रम्सवर इयन पेस. १९६९ मध्ये इव्हान्स आणि सिंपर ही नावं कमी होऊन इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर लागले, तो मार्क टू. १९७३ मध्ये हे दोघे गेले, डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आले, तो थ्री. १९७५ मध्ये खुद्द ब्लॅकमोर निघाला आणि टॉमी बोलिन आला, तो फोर. १९७६ मध्ये दुकान बंद. १९८४ मध्ये ते पुन्हा उघडलं ते मार्क टूच्याच माणसांनी, म्हणून नंबर नवा नाही. नवखी माणसं इथे हमखास घसरतात आणि १९८४ ला मार्क फाइव्ह म्हणतात. फाइव्ह म्हणजे गिलनला काढून जो लिन टर्नरला घेतलं तो काळ, १९८९ ते १९९२. मग गिलन परत, म्हणजे पुन्हा टू. १९९३ मध्ये चालू दौऱ्यात ब्लॅकमोर निघून गेला, जो सॅट्रियानीने वेळ निभावून नेली, ते सिक्स. त्यानंतर स्टीव्ह मोर्स आला ते सेव्हन, २००२ मध्ये लॉर्डच्या जागी डॉन एअरी आला ते एट, २०२२ मध्ये मोर्सच्या जागी सायमन मॅकब्राइड आला ते नाइन.

इतके फेरफार झाले, पण पहिल्या दिवसापासून एक नाव कुणी खोडलं नाही, ते म्हणजे पेस. त्यामुळे पेसवरून भांडण होत नाही. बोलणं हातघाईवर येऊ लागलं की ‘पण काही म्हणा, पेस काय वाजवतो!’ एवढं म्हणावं. दोन मिनिटं शांतता मिळते, तेवढ्यात चप्पल शोधावी.

मी मार्क टूचा माणूस आहे, हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही त्या हिशेबाने वाचाल. नव्या माणसाने ‘सुरुवात कुठून करू?’ असं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: ‘मेड इन जपान’ हा थेट मैफलींचा अल्बम. या उत्तराला कुणी थेट विरोध करत नाही, फक्त दुरुस्त्या सुचवतात. एक जण म्हणतो, आधी ‘इन रॉक’ हा स्टुडिओतला अल्बम ऐकल्याशिवाय काय कळणार? दुसरा म्हणतो, थेट मैफलीने सुरुवात करणं चुकीचं, मूळ गाणी माहीत नसताना त्यांची मोडतोड काय कळणार? मुद्दा बिनतोड आहे. ‘स्पेस ट्रकिन’ मूळ साडेचार मिनिटांचं, जपानमध्ये ते वीस मिनिटांच्या घरात जातं. पण मूळ आधी ऐकलेल्या माणसाला पुढची पंधरा मिनिटं आगाऊ वाटतात, आणि आधी वीस मिनिटांचं ऐकलेल्याला मूळ गाणं अर्धवट वाटतं. कुणाची तक्रार सोसायची, एवढंच ठरवायचं आहे.

या अल्बमबद्दल निर्विवाद असं एवढंच सांगता येतं: १९७२ चा ऑगस्ट, १५ आणि १६ ला ओसाका, १७ ला टोकियोचं बुदोकान सभागृह, ध्वनिमुद्रणाला मार्टिन बर्च. बराचसा अल्बम १६ तारखेचा आहे. ‘लेझी’ आणि ‘द म्यूल’ टोकियोचं. पंधरा ऑगस्टच्या रात्रीचं घेतलं फक्त ‘स्मोक ऑन द वॉटर’. आपल्याकडे स्वातंत्र्याची पंचविशी साजरी होत होती, तिकडे त्याच आठवड्यात ही मंडळी ‘सगळंच बाकी सगळ्यापेक्षा मोठ्याने वाजू दे’ अशा अर्थाची मागणी स्टेजवरून करत होती. ती अल्बमवर ऐकू येते. त्याच वर्षी लंडनच्या रेनबो थिएटरात यांचा आवाज ११७ डेसिबल मोजला गेला आणि गिनीज बुकात गेला. त्यामुळे पर्पलवाला मोठ्याने बोलत असेल तर तो चिडलेलाच आहे असं धरून चालू नये.

आता ‘स्मोक’. हे गाणं आम्हाला कुणालाच आवडत नाही. म्हणजे आवडतं, पण तसं सांगायचं नसतं. ते बाहेरच्यांचं, म्हणजे पर्पलचं तेवढंच माहीत असलेल्यांचं, गाणं. मात्र कुणी गिटारवर त्याची सुरुवातीची धून चुकीची वाजवली की सगळे मार्क एक होतात, आणि ती बहुतेक जण चुकीचीच वाजवतात. कशी वाजवायची ते सांगतो. प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) खिशात ठेवा. तिसरी आणि चौथी तार, म्हणजे जी आणि डी, बोटांनी एकदम ओढायची. एकीनंतर दुसरी नाही, एकदम. फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या पट्ट्या, अशा (शून्य म्हणजे मोकळी तार): शून्य, तीन, पाच. मग शून्य, तीन, सहा, पाच. मग शून्य, तीन, पाच, तीन, शून्य. सहावर रेंगाळायचं नाही, शिवून लगेच पाचवर उतरायचं. नव्या माणसाचा घोटाळा तिथेच होतो, कारण सहा त्याला आवडून जाते.

दुसरी चूक पॉवर कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या दोन स्वरांच्या जोडीची. लोक जी हा स्वर खाली आणि डी वर असा पंचम धरतात. ब्लॅकमोर उलट धरतो. डी खाली, जी वर, मध्ये चौथ्या स्वराचं अंतर. ‘स्वर तर तेच दोन आहेत की!’ असं म्हणणारा हमखास भेटतो. स्वर तेच, पण खालचा डी साधारण १४७ हर्ट्झ आणि वरचा जी १९६. अँप्लिफायर विकृतीवर (डिस्टॉर्शनवर) गेला की या दोन्हींतला फरकही आवाज करू लागतो. १९६ वजा १४७, म्हणजे ४९ हर्ट्झ, म्हणजेच दोन सप्तकं खालचा जी. बास अजून सुरूही झालेला नसतो आणि जमीन हलल्यासारखी वाटते ती या वजाबाकीने. बरं, एवढं सांगून झाल्यावर खरं भांडण सुरू होतं: पहिला ठोका मोकळ्या तारांवर की पाचव्या-चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटला? मोजून बघा, दोन्हीकडे स्वर तेच येतात. मोकळ्या तारा जास्त घुमतात, त्या तळव्याने दाबाव्या लागतात, फरक इतकाच. पण या फरकावरून बोलणं बंद झालेली माणसं आहेत.

‘आणि ती दुसरी गिटार कोण वाजवतंय?’ हा प्रश्नही येतो. कुणीही नाही. तो जॉन लॉर्ड. हॅमंड ऑर्गनला लोक लेस्लीचा गरगरता स्पीकर लावत, याने तो सरळ गिटारवाल्यांच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला. आधी गिटार एकटी, मग हाय-हॅट (ड्रम्सबरोबरची झांजांची जोडी) आणि हा ऑर्गन, मग बाकीचे ड्रम्स, मग बास, मग गिलन. सगळे आत येईपर्यंत पुन्हा पुन्हा ऐका, कान आपोआप तयार होतो.

मार्क थ्रीवाल्यांशी मात्र जरा जपून. त्यांचं पहिलं वाक्य तक्रारीचं असतं, कारण आम्ही टूवाले त्यांच्याशी वागतो तसेच.

‘काका, कव्हरडेलसुद्धा काय गायचा!’

‘कोण?’

बस, इतकंच. ‘कोण?’ एवढ्या शब्दात समोरच्या पोराचं आयुष्य काळवंडतं. खरं तर बाजू त्यांची भक्कम आहे. कपड्यांच्या दुकानात काम करणारा, कुणाला माहीत नसलेला पोरगा गिलनच्या जागी उभा राहतो आणि १९७४ मध्ये ‘बर्न’सारखा अल्बम निघतो. वर ह्यूज बास वाजवता वाजवता असा गातो की एका बँडमध्ये दोन मुख्य गायक झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅलिफोर्निया जॅम या संगीत महोत्सवात ब्लॅकमोरने टीव्हीच्या कॅमेऱ्यात गिटार खुपसली आणि अँप्लिफायर पेटवून दिला. थ्रीवाले हा पुरावा मोठ्या अभिमानाने मांडतात. मग टूवाले म्हणतात, कॅमेरा फोडणारा आमचाच ना? थ्रीवाले गोंधळतात. मग कुणीतरी ‘स्टॉर्मब्रिंगर’ हा अल्बम काढतो, त्यातल्या फंकची, म्हणजे नाचऱ्या तालाच्या संगीताची, चर्चा होते, त्याच फंकला वैतागून ब्लॅकमोर गेला आणि त्याने रेनबो हा स्वतःचा बँड काढला, हे सांगितलं जातं, आणि इथे ह्यूजचा चाहता पाणी मागतो. बोलिनवाले फार थोडे. ते बोलत नाहीत. कुणी ‘कम टेस्ट द बँड’ हा पर्पलचा अल्बमच नाही म्हणालं की हळूच उठून जातात. त्यांना मात्र मी कधी छेडत नाही. बोलिन पोरगाच, डिसेंबर १९७६ मध्ये वारला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी.

मोर्सवाल्यांचा युक्तिवाद हिशेबी असतो. आमचा माणूस १९९४ ते २०२२ टिकला, तुमच्या ब्लॅकमोरपेक्षा किती तरी जास्त, मग खरा गिटारवादक कोण? बेरीज बरोबर आहे. उत्तर कुणी देत नाही, फक्त ‘हायवे स्टार’मधला मधला तुकडा लावतात, तो जर्मन संगीतकार बाखच्या चालीने उतरणारा, आधी बसवून ठेवलेला. त्याला उत्तर म्हणून मोर्सवाले तोच तुकडा मोर्सचा लावतात. सूर एकही चुकलेला नसतो. टूवाले म्हणतात, हेच तर चुकलंय.

भांडण कमी पडलं तर २०१६ काढावं. त्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या गौरव करणाऱ्या अमेरिकन संस्थेने पर्पलला घेतलं. पाहिली का यादी? मार्क वन, टू आणि थ्री मिळून आठ माणसं. गंमत म्हणजे मार्क वनमधले इव्हान्स, ब्लॅकमोर, लॉर्ड आणि पेस आत, आणि सिंपर बाहेर. पाचातले चार घेतले आणि बासवाला दारात ठेवला! इव्हान्सने तर १९८० मध्ये अमेरिकेत भलतीच माणसं जमवून ‘डीप पर्पल’ नावाने कार्यक्रम केले होते, ते प्रकरण न्यायालयात गेलं. तो आत. सिंपरचा गुन्हा काय, हे विचारत बसलं तर रात्र सरते. मोर्स नाही, एअरी नाही, बोलिन नाही. या एका यादीवर सगळ्या मार्कांचं एकमत आहे, पण प्रत्येकाचं वेगळ्या नावासाठी.

‘कोणती प्रत घेऊ?’ हा प्रश्न मात्र गंभीर, कारण त्यात पैसे जातात. इथे आधी दोन शब्द वेगळे ठेवा. रिमास्टर म्हणजे तयार झालेल्या दोन पदरी टेपवर शेवटचा हात फिरवणं. रिमिक्स म्हणजे मूळ अनेक पदरी टेप उघडून गिटार किती, ऑर्गन किती, हे नव्याने ठरवणं. ‘मशीन हेड’ या ‘स्मोक’वाल्या अल्बमच्या १९९७ च्या दोन सीडींच्या प्रतीत दोन्ही आहेत, रिमिक्स खुद्द ग्लोव्हरने केलेलं. त्याच्याच २०२४ च्या खोक्यात (बॉक्स सेटमध्ये) ड्वीझिल झप्पाने केलेलं रिमिक्स आहे. (४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोच्या कॅसिनोत त्याच्या बापाचा, फ्रँक झप्पाचा, कार्यक्रम चालू असताना कुणीतरी फ्लेअर (पेटता बाण) झाडला, कॅसिनो जळाला आणि ‘स्मोक’ जन्मलं. एका अर्थी ही नुकसानभरपाईच.) आमच्यातले निम्मे रिमास्टरवर चिडतात ते रिमिक्सचं वाईट ऐकून, आणि उरलेले उलट.

तुलना करायची तर रीत सोपी आहे. जी प्रत मोठ्याने वाजते ती कानाला चांगली वाटते, एक डेसिबलचा फरकसुद्धा पुरतो. म्हणून गिलनचा आवाज दोन्हींत सारखा ऐकू येईपर्यंत मोठी प्रत कमी करायची, मग तिसऱ्याला बटण फिरवायला लावायचं, कोणती वाजते ते न बघता मत द्यायचं. सोपं आहे, पाच मिनिटांचं काम. कुणी करत नाही. आवाज कमी करणं आमच्यात नामुष्कीचं मानतात.

राहता राहिला आपला मुंबईचा मुद्दा. पर्पलचं ‘चाइल्ड इन टाइम’ सुरू होतं त्या ऑर्गनच्या सुरावटीचं मूळ सॅन फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्यूटिफुल डे या बँडच्या १९६९ च्या ‘बॉम्बे कॉलिंग’मध्ये आहे. व्हायोलिनवर, जरा जलद. एकदा ऐकलं की शंका राहत नाही. मुंबईकर पर्पलवाला हे असं सांगतो जणू व्हायोलिन गिरगावात वाजलं. चोरीचा आरोप झाला की आमचं उत्तर तयार असतं: त्या बँडनेही पर्पलचं ‘रिंग दॅट नेक’ उचललं आणि १९७० मध्ये ‘डॉन अँड ड्यूई’ नावाने वाजवलं. फिट्टंफाट.

फक्त ‘रिंग दॅट नेक’ १९६८ चं, म्हणजे मार्क वनचं. आणि ‘चाइल्ड इन टाइम’ मार्क टूचं. उचललं टूने, गेलं वनचं. सिंपरच्या बाजूचा एक जण गेली कित्येक वर्षं हा बोजा टूच्या उताऱ्यावर चढवा म्हणून हटून बसला आहे, आणि आम्ही टूवाले त्याला एकच सांगतो, ब्लॅकमोर, लॉर्ड आणि पेस दोन्ही खात्यांवर आहेत, आपसात बघून घ्या.