मांजर आहे होय? मग कळवतो

बेळगावात भाड्याचं घर बघायला गेलं की मालक काय काय विचारतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. आडनाव काय, नोकरी कुठं, माणसं किती, पाहुणेरावळे फार येतात काय, मटण-मासे करता काय. निपाणीहून बदली झाली तेव्हा मी निर्धास्त होते. शाळेची नोकरी, नवरा उद्यमबागेत फौंड्रीत, एक पोरगी, झालं. टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, सगळीकडं मालक हसून बोलायचे, चहासुद्धा यायचा. मग मी म्हणायची, "आणि आमच्याकडं दोन मांजरं आहेत." की लगेच, "होय काय? मग बघून कळवतो." कळवत कोण नाही.

एका ठिकाणी खालच्या मजल्यावरचे कानडी मालक म्हणाले, "बेक्क ब्याड्री." तेवढ्यात वरच्या गॅलरीतनं मराठी काकू ओरडल्या, "मांजर नको हं, आधीच सांगते!" 1956 पासून या जिल्ह्यात दोन्ही बाजूंचं एकमत कधी झालेलं मी ऐकलं नव्हतं. मांजरानं करून दाखवलं.

प्राणीप्रेमींच्या पोस्टमध्ये अशा मालकांना दगडाच्या काळजाचे वगैरे म्हणतात. मला ते पटत नाही. अनगोळातल्या एका मालकांनी नुसतं 'नाही' न म्हणता मला शिडी लावून माळा दाखवला. आधीचे भाडेकरू सामान टेंपोत घालून गेले आणि मांजरी मागं ठेवून गेले. ती गाभण. माळ्यावर व्याली. तिथं यांच्या आईच्या जुन्या नऊवारींची बोचकी होती, गाद्या होत्या, सगळं मुतून पिवळं. खालच्या खोलीतसुद्धा वास. ते म्हणाले, "मॅडम, मांजराचा राग नाही ओ. तुमी जाताय आणि ते आमच्याकडं राहतंय, त्याचा राग."

या माणसाला काय उत्तर देणार? मांजरवाल्यांना घर मिळत नाही याला मालकांपेक्षा हे आधीचे भाडेकरू जास्त जबाबदार आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बदली झाली, लग्न ठरलं, घर बदललं, की मांजर गल्लीत. "मांजर काय, कुठंही जगतंय" म्हणतात. जगत नाही. घरात वाटीत खाऊन वाढलेलं मांजर बंद दारासमोर बसून राहतं, नाहीतर गल्लीतल्या बोक्यांचा मार खातं. उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, कलम 11. पहिल्यांदा सापडलात तर दंड 10 ते 50 रुपये. पन्नास रुपयांत आता दोघांचा चहा आणि भजी पण धड होत नाही. कोण भिणार?

आणि एक कागद व्हॉट्सअॅपवर फिरत असतो, भारतीय पशुकल्याण मंडळाचा 2015 चा. अपार्टमेंटच्या असोसिएशनला बहुमतानं ठराव करूनसुद्धा पाळीव जनावरांवर बंदी घालता येत नाही, असं त्यात म्हटलंय. फ्लॅटमध्ये कमिटी त्रास देत असेल तर तो जरूर दाखवा. पण आपल्या बेळगावात निम्मी भाड्याची घरं म्हणजे मालक खाली आणि भाडेकरू वर. तिथं हा कागद नाचवून कोण किल्ली देत नाही.

शाकाहारी मालकांची गोष्ट वेगळीच. एक आजोबा इतके चांगले होते, मांजराला लगेच तयार झाले. अट एकच, घरात मासळी शिजवायची नाही. "दूध-भात घाला की, आमच्या लहानपणी मांजरं त्यावरच वाढली." त्यांच्या लहानपणीची मांजरं दूध-भाताच्या वर उंदीर खात होती, हे कसं सांगावं कळेना. मांजराला टॉरिन नावाचं एक द्रव्य लागतं, ते मांसामाशांतूनच मिळतं. नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय मोठं होऊन बंद पडतं. दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतही नाही, हगवण लागते. आजोबांना म्हटलं, कोरडं खाणं विकत मिळतं, घरात काही शिजणार नाही. त्यांनी विचारलं, त्यात काय असतं? मी खरं ते सांगितलं. घर गेलं.

"सांगितलंस कशाला? रात्री पिशवीतनं न्यायची," असं मला कितीजणांनी सुचवलं. लपवलेलं मांजर पंधरा दिवसांत खिडकीत बसलेलं दिसतंच. मग भांडण होतं, मालक घर खाली करायला लावतो आणि पुढच्या मांजरवाल्याला दारातूनच परत पाठवतो.

शेवटी घर मिळालं ते वडगावात. कौलारू, पुढं खोली, मागं परडं. आजींच्या घरात पूर्वी माग होते. सुताला उंदीर लागू नये म्हणून मांजर असायचंच. त्यांनी आडनावाच्या आधी विचारलं, "उंदीर धरतात काय?" मी म्हटलं, "मांजरी धरते. बोका नुसता बघतो." आजी हसल्या. पण त्यांच्या मुलाला शंका होतीच, आणि ती रास्त होती. म्हणून जे बोललो ते सगळं अकरा महिन्यांच्या करारात घातलं. मांजरं दोनच, तिसरं नाही. दोघांचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांचा कागद सोबत. रेबीजची लस दरवर्षी. दारं-चौकटी ओरबाडल्या तर दुरुस्ती आमची. जाताना मांजरं आमच्याबरोबर जाणार. त्यासाठी डिपॉझिट थोडं जास्त दिलं, कुरकुर न करता.

यातलं ऑपरेशन सगळ्यात महत्त्वाचं. मालकांना ज्या वासाची धास्ती असते तो बहुतेक वेळा भिंतीवर उभी धार मारणाऱ्या बोक्याचा असतो. वेळेत ऑपरेशन केलं तर बहुतेक बोके हा उद्योग सोडतात. आणि मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत पिल्लं. "एकदा तरी आई होऊ दे तिला" म्हणणाऱ्यांनी ती पिल्लं स्वतःच्या घरी ठेवावीत.

पावसाळ्याचं मात्र खरंच अवघड. आपल्याकडचा पाऊस म्हणजे आषाढात खिडकी उघडायची सोय नाही. विकतची वाळू महाग पडते म्हणून मी वखारीतला लाकडाचा भुसा आणते, तो दमट हवेत दोन दिवसांत आंबतो. रोज सकाळी शाळेला जायच्या आधी ट्रे रिकामा करून फिनेल न घालता नुसत्या गरम पाण्यानं धुवायचा. फिनेल मांजरांना बाधतं. कंटाळा येतो, पण आजींचा मुलगा भाडं घ्यायला येतो तेव्हा दारात उभं राहून नाक फेंदारून वास घेतो, आणि काही न बोलता जातो, तेवढं पुरे.

आता कामाचं. आमच्या शाळेतल्या एक मॅडम खानापूरहून इकडं येताहेत. एकट्या आहेत, एक मांजरी आहे, ऑपरेशन झालेली, कागद आहेत. शहापूर, खासबाग, वडगाव कुठंही चालेल, तळमजला असेल तर बरं. कुणाकडं खोली रिकामी होत असेल तर मला मेसेज करा. मांजर आहे हे मालकांना आधीच सांगा.