नलारबॉर इलेक्ट्रिक गाडीने: रेंज सोडा, वेग आणि वारा बघा

ऑस्ट्रेलियात पर्थहून ॲडलेडला इलेक्ट्रिक गाडीने निघायचं म्हटलं की आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "गाडीची रेंज किती?" माझं स्पष्ट मत आहे की नलारबॉरवर, म्हणजे वाटेतल्या ओसाड, सपाट मैदानावर, कंपनीने छापलेल्या रेंजला फारसा अर्थ नाही. तिथे निकाल लागतो तो वेगावर, वाऱ्यावर आणि डिकीतल्या केबलवर.

या मैदानाच्या दोन बाजूंची गावं, नॉर्समन ते सेदुना, साधारण १,२०० किलोमीटर. मध्ये मोठं गाव नाही, फक्त रोडहाऊस, म्हणजे इंधन, जेवण आणि मुक्कामाचे थांबे. नॉर्समन ते बॅलडोनिया सुमारे १९० किमी आणि पुढे कायगुना १८० च्या आसपास. या दुसऱ्या टप्प्यातच जवळपास १४७ किमीचा एकही वळण नसलेला रस्ता येतो.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० ऐवजी ११० ने गेलात तर दर किलोमीटरला हवा कापायला जवळजवळ दीडपट ऊर्जा जाते. समोरून ३० चा वारा असेल तर ९० ने जाणारी गाडीही हवेशी १२० ने झुंजते. म्हणून निघण्याआधी हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज बघा, आणि दिशा उलटी असेल तर सरळ ८०-८५ वर या. मागून येणाऱ्या रोड ट्रेनला, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेल्या ट्रकला, मात्र वाट द्या, त्या खूप लांब असतात. टपावर कॅरियर नको. डॅशबोर्डवरच्या 'उरलेल्या किलोमीटर'वरही विसंबू नका. तो आकडा मागच्या वापरावरून काढलेला असतो, त्यामुळे गावातून हळू बाहेर पडलात तर तो हमखास फुगलेला दिसतो. टक्के आणि प्रत्यक्ष वापर बघा: १०० किमीला २० युनिट जात असतील तर १८० किमीला ३६, त्यावर वाऱ्यासाठी आणखी तिसरा हिस्सा धरा.

फास्ट चार्जर आता बरेच आहेत. कायगुनाला तर रोडहाऊसच्या तळणीच्या वापरलेल्या तेलावर चालणारा चार्जर बसवला गेला. मला तो प्रयोग मनापासून आवडतो, कारण वीजवाहिनी नसलेल्या जागी त्याने खरा मार्ग दाखवला. पण एका ठिकाणी एकच यंत्र असेल आणि ते बंद पडलं, तर पुढच्या रोडहाऊसपर्यंत पोचण्याइतका साठा हवाच. चार्जर मोबाईल ॲपवर सुरू होत असेल आणि मोबाईलला नेटवर्क नसेल तर अडकाल, म्हणून चार्जर सुरू करायचं कार्ड आधीच मागवून ठेवा.

खरा आधार म्हणजे डिकीतला पोर्टेबल चार्जर आणि ३२ अँपिअर थ्री-फेजचा ॲडॅप्टर. सॉकेट २२ किलोवॅट देत असला तरी बऱ्याच गाड्या ११ च घेतात, काही ७. कॅरव्हॅनसाठीच्या १५ अँपिअर सॉकेटवर रात्रभरात साधारण ३० युनिट मिळतात. १५ ची पिन १० च्या सॉकेटात बसत नाही, तिचा अर्थिंगचा पाय रुंद असतो. तो घासून बसवण्याचा उद्योग कुणीही करू नये, वायर जळते. एक्स्टेंशनची रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल तापते. पंधरा मिनिटांनी प्लगला हात लावून बघा. हात टिकत नसेल तर अँपिअर लगेच कमी करा.

आणि मालकाला विचारल्याशिवाय काहीही लावू नका. रोडहाऊसची वीज बहुतेकदा स्वतःच्या जनरेटरची असते. संध्याकाळी स्वयंपाकघर सुरू झालं की तुमची गाडी आणि त्यांचे फ्रीजर एकाच यंत्रावर येतात. थोडा चार्ज मिळाला तरी पुष्कळ आहे, पैसे मात्र डिझेलच्या हिशोबाने द्या.

बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांना स्टेपनी नसते. पंक्चर बुजवायचं द्रव्य (सीलंट) टायरच्या बाजूची चीर भरत नाही, त्यामुळे कच्च्या रस्त्याला वळायचं असेल तर पूर्ण आकाराचा टायर, गाडीच्या जॅक पॉइंटला बसणारा पॅड आणि १२ व्होल्टचा कंप्रेसर घ्या. लाटांसारख्या खडबडीत रस्त्यावर हवा थोडी कमी करून वेग उतरवा, डांबरावर परत येताच भरा. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा, कांगारू अंधार पडतानाच रस्त्यावर येतात.