समुद्राची मोजदाद टाळण्याविषयी नव्या बोटमालकास चार शब्द

आपण यंदा बोट बांधलीत, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. कर्ज मंजूर झाले आहे, बोट हाकणारा तांडेल मिळाला आहे, खलाशांना आगाऊ रक्कम पोचली आहे, आणि 1 जूनपासून 31 जुलैपर्यंतची मासेमारी बंदी संपण्याची वाट पाहत बोट जेट्टीला बांधून उभी आहे. या धंद्यातील वादळे, डिझेलचा भाव आणि बर्फाचा तुटवडा यांविषयी आपल्याला पुष्कळजण सावध करतील; परंतु खऱ्या संकटाचे नाव कोणी घेणार नाही. ते संकट वही आणि मोजपट्टी घेऊन बंदरावर येते, अदबीने बोलते, आणि समुद्रात मासळी किती उरली आहे एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते.

शत्रूची कार्यपद्धती आधी समजून घ्यावी. 1947 साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था देशाच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचा अंदाज बांधते. प्रत्येक बंदरावर रोज माणूस उभा करणे शक्य नसल्यामुळे काही बंदरे आणि काही दिवस यदृच्छेने निवडले जातात. सर्वेक्षक पहिल्या दिवशी दुपारी बारा ते संध्याकाळी सहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात हजर राहतो; मधल्या रात्री काय उतरले, ते तो चौकशी करून लिहून घेतो. बोटी पंधरापर्यंत असतील तर सगळ्यांची नोंद होते, जास्त असतील तर त्यांतल्या काहींची. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. आपल्याला अख्खा भात लपवण्याची गरज नाही, हे लक्षात आले असेलच. शीत लपवले की पुरे, कारण आपल्या एका बोटीची थाप गुणाकाराने वाढत सबंध किनाऱ्याच्या अंदाजात जाऊन बसते. इतक्या थोड्या श्रमात राष्ट्रीय आकडेवारीत भर घालण्याची संधी सामान्य नागरिकाला दुसरीकडे सहसा मिळत नाही.

सर्वेक्षक दोन प्रश्न विचारील. मासळी किती मिळाली, हा पहिला प्रश्न निरुपद्रवी आहे. ती मिळवायला किती वेळ लागला, हा दुसरा प्रश्न मात्र घातक आहे, आणि त्याचे उत्तर देताना विस्मरणासारखे दुसरे औषध नाही. पूर्वी सकाळी निघून संध्याकाळी परतणारी बोट आता आठ-दहा दिवस समुद्रात राहते, तिचे इंजिन पहिल्यापेक्षा मोठे असते, फिश फाइंडरच्या पडद्यावर थवा दिसतो, आणि जीपीएसमुळे मागच्या खेपेची जागा वितभरही चुकत नाही. एवढे सगळे करून मासळी पहिल्याइतकीच हाती लागत असेल, तर साठा रोडावतो आहे असे हे मोजणी करणारे लोक म्हणतात, कारण ते पकडीला श्रमाने भागतात. तेव्हा आपण नेहमी खेपेचा हिशोब सांगावा, तासांचा कधीही सांगू नये. ‘एका खेपेत तेवढेच मिळते की!’ हे वाक्य खरे असते, त्यामुळे ते उच्चारताना चेहरा पडण्याचा धोका नसतो.

या बाबतीत कॅनडातील न्यूफाउंडलँडचा अनुभव बोधप्रद आहे. तिथल्या कॉड माशाचा साठा आटत असतानाही मोठ्या बोटी उरलेले थवे शोधून जाळी भरून आणत होत्या, आणि त्या भरलेल्या जाळ्यांकडे पाहून साठ्याचे अंदाजही फुगत होते. 1992 साली बंदी आली, ती दोन वर्षांसाठी म्हणून. उठली 2024 मध्ये. आपण यातून पहिला भाग घ्यावा, दुसरा सोडून द्यावा.

आता पापलेटकडे वळू. 2023 साली महाराष्ट्राने त्याला राज्यमाशाचा मान दिला. आपल्याकडे जाहीर सत्कार झालेल्याने हळूहळू जागा मोकळी करायची असते, ही रीत त्या माशालाही ठाऊक असावी. पण त्याच वर्षी शासनाने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी अधिसूचित केली आणि त्यात पापलेटला 135 मिलिमीटरची अट घातली. निदान एकदा अंडी घालू द्यावीत, एवढाच त्यामागचा हेतू. अशा वेळी नियमाला विरोध करू नये, त्याने आपण उघडे पडतो. लांबी शेपटीच्या टोकापर्यंत धरायची की खाचेपर्यंत, असा तात्त्विक प्रश्न लिलावाच्या ऐन घाईत उपस्थित करावा. मोठी मासळी टोपलीत वर मांडावी आणि बारीक पिल्ले थेट फिशमीलच्या, म्हणजे मासळीची भुकटी करणाऱ्या, कारखान्याच्या टेम्पोत भरावीत, म्हणजे मोजपट्टी फक्त थोरामोठ्यांनाच लागेल. त्याहून सोपा उपाय म्हणजे नको असलेला माल समुद्रातच फेकून येणे: जे बंदरावर उतरलेच नाही ते वहीत येत नाही, आणि वहीत न आलेला मासा मेलेलाही नसतो. बोटीमागून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याच्या पिशवीला 40 मिलिमीटरचा चौकोनी आस, म्हणजे जाळीचे भोक, असावा, असा नियम पिल्ले निसटावीत म्हणूनच आहे. तशा आसाचे एक जाळे दाखवण्यापुरते बोटीवर अवश्य ठेवावे. ग्राहकाची काळजी करू नका. वाट्यावर मिळणारे तळहाताएवढे पापलेट तव्यात सबंध मावते म्हणून तो खूशच असतो, आणि रविवारी ते तळता तळता समुद्राच्या ऱ्हासाविषयी चार जणांना संदेशही पाठवतो.

हद्दीचा विषय थोडक्यात आटोपतो. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार, त्यापुढे केंद्राचा. पर्ससीन मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने 5 फेब्रुवारी 2016 रोजी पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढा घालून खालून आवळल्या जाणाऱ्या, जाळ्यांवर निर्बंध घातले, तर एलईडी दिव्यांच्या झोतातील मासेमारीला केंद्राने 2017 मध्ये मनाई केली. आपण अलीकडे केंद्राचे असावे आणि पलीकडे राज्याचे.

एवढे करूनही एखादा अहवाल प्रसिद्ध होतोच. तो वाचण्याचीही पद्धत आहे. सर्वेक्षक पाठवणाऱ्या त्याच केंद्रीय संस्थेने 2022 मध्ये देशातील 135 मत्स्यसाठे तपासले आणि त्यांपैकी 91.1 टक्के सुस्थितीत असल्याचे सांगितले. हा आकडा तोंडपाठ करावा आणि प्रत्येक बैठकीत म्हणून दाखवावा. उरलेले साठे कोणते, कुठल्या किनाऱ्याचे, असे कोणी विचारल्यास चहा मागवावा. (135 ही पापलेटची किमान लांबीही असल्यामुळे चर्चेत हवा तेवढा गोंधळ उडवण्याची सोय आयतीच झाली आहे.) चांगली बातमी असेल तेव्हा शास्त्रज्ञ थोर असतात. वाईट असेल तेव्हा त्यांना समुद्र कुठे कळतो, ते तर वातानुकूलित खोलीत बसून लिहितात, असे म्हणावे. मग तो सर्वेक्षक बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून सहा तास आपल्यासमोरच का उभा असेना.

मासळी घटल्याचे मान्य करण्यावाचून गत्यंतर उरले नाही, तर कारणांची कमतरता नाही. खाड्यांत कारखान्यांचे सांडपाणी जाते, समुद्राचे तापमान वाढते आहे, परराज्यांतील वेगवान ट्रॉलर आपल्या पाण्यात घुसतात. ही सगळी कारणे खरी आहेत, हेच त्यांचे मोठे सामर्थ्य. सातपाटीचा पापलेट पकडणारा ट्रॉलरला दोष देईल, ट्रॉलरवाला पर्ससीनला, पर्ससीनवाला एलईडीला, आणि सिंधुदुर्गात किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणारा या सगळ्यांना; यादी म्हणताना आपले नाव आले की आवाज थोडा खाली घ्यावा, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

राहता राहिली ती मधली रात्र, जिची नोंद केवळ आपल्या शब्दावर होते. सकाळी सहा वाजता सर्वेक्षक येईल आणि वही उघडून विचारील, ‘रात्री काय उतरले?’ तेव्हा त्याच्याकडे न पाहता, दोरखंड गुंडाळत, अगदी सहज स्वरात ‘काही नाही’ म्हणावे. या दोन शब्दांचा सराव आतापासूनच चांगला करून ठेवावा. पुढेमागे एखाद्या हंगामात ते खरे सांगण्याची पाळी येईल, आणि त्या दिवशी आपला आवाज वेगळा वाटून त्याला उगाच शंका यायला नको.