पानफुटी खा, पण आधी सोनोग्राफी करा

उन्हाळा लागला की मुतखड्याची दुखणी वाढतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पानफुटीचे फोटो फिरू लागतात. सोबत सल्ला असतो: ‘सकाळी अनशापोटी दोन पानं चावून खा, खडा विरघळून जाईल.’

झाडपाल्याला नावं ठेवायची म्हणून मी हे लिहीत नाही. कुळथाचं कढण, गोखरूचा काढा, वायवर्ण्याची साल हे सगळं आमच्या घराला ओळखीचं आहे. पण खडा किती मिलिमीटरचा आहे आणि कुठे अडकलाय हे न बघता उपचार सुरू करणं मला अजिबात मान्य नाही.

पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे काही आठवड्यांत आपसूक लघवीवाटे पडतात. त्या दिवसांत माणूस जे घेत असतो त्याला श्रेय मिळतं. आपल्याकडचे बरेचसे खडे कॅल्शियम ऑक्सलेट या क्षाराचे. ते विरघळवणारी गोळी डॉक्टरांकडेही नाही, मग पानाकडून ती खात्री कशी धरायची?

आणि ज्यांना आयुर्वेदाचा अभिमान आहे (मलाही आहे) त्यांनी सुश्रुत काय म्हणतो ते वाचावं. ‘औषधैस्तरुणः साध्यः प्रवृद्धश्छेदमर्हति’. खडा नवा असेल तर औषधाने बरा होतो, वाढला की शस्त्रक्रियाच हवी. इतकं स्वच्छ सांगणाऱ्या परंपरेच्या नावावर लोकांना महिनोन् महिने काढ्यावर ठेवणं हा त्या परंपरेचाच अपमान आहे.

माझ्या नात्यातल्या एका काकांची कळ थांबली. सगळ्यांना वाटलं खडा पडला. तो मूत्रवाहिनीत तसाच बसून होता. तपासणी झाली तोवर एक किडनी सुजून जवळजवळ निकामी झाली होती. कळ थांबणं म्हणजे खडा पडणं नव्हे, हे कृपा करून घरात सगळ्यांना सांगा. कळ असताना थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर त्याच रात्री दवाखाना गाठा.

झाडाचं आहे म्हणून निर्धोक, असंही नाही. केरळात कोलेस्टेरॉलसाठी बिंबलांचा (बिलिंबी या आंबट फळांचा) रस पिऊन किडन्या एकाएकी निकामी झालेल्या रुग्णांची नोंद आहे. त्या रसात ऑक्सलेट भरपूर असतं.

खडा होऊच नये म्हणून काय करावं, यात मात्र फारसा वाद नाही. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी. लिंबू सरबत चांगलं, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही, फक्त मीठ-साखर बेताची. लोणचं-पापड कमी. दूध-दही बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम ऑक्सलेटला आतड्यातच बांधून ठेवतं. टोमॅटोच्या बियांना उगाच बदनाम केलंय.

पण हे पाणी प्यायचं कुणी? उसाच्या फडात कोयता चालवणारी बाई दिवसभर घोटभर पाण्यावर काढते, कारण आडोसा नाही. एसटीने नोकरीला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणी घरातून निघताना पाणी टाळतात, कारण स्टँडवरच्या मुतारीत पाय ठेववत नाही. त्यांना पानफुटीचा फोटो पाठवून काय उपयोग? आमच्या तालुक्याच्या स्टँडवर बायकांसाठी पाणी असलेली, आतून कडी लागणारी, रोज धुतली जाणारी मुतारी हवी. त्यासाठी अर्ज लिहून ठेवलाय. गावातल्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी खाली कळवा.